भोयर सर खरे कशावरून?

"आजपासून या कॉलेजात चोर तर सोडाच, चोराचा मच्छरही घुसणार नाही!" सोमवारी ऑफिसात पाय ठेवताच सिंधूताई वासनिकांनी जाहीर केलं.

सिंधूताई म्हणजे हुडकेश्वरच्या एका ज्युनिअर कॉलेजच्या हेडक्लार्क. शनिवारी त्या सायबर सुरक्षेच्या एक दिवसाच्या शिबिराला गेल्या होत्या आणि एक प्रमाणपत्र, एक कापडी पिशवी आणि अख्ख्या जगाबद्दलचा अविश्वास घेऊन परतल्या होत्या.

त्यांचा पहिला हल्ला झाला प्राचार्य शालिकराम भोयर यांच्या, बोर्डाच्या वेबसाइटवरच्या पासवर्डवर. तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर, चहाच्या गॅसचा सिलेंडर लावल्याच्या तारखेशेजारी, स्केचपेननं लिहिलेला होता! ताईंनी तो खोडला आणि लांबलचक नवा पासवर्ड टाकला. सर मात्र भाच्याच्या लग्नासाठी लॅपटॉप घेऊन कन्हानला केव्हाच निघून गेले होते. बारावीच्या एकोणसाठ मुलांचे परीक्षेचे फॉर्म ते तिथूनच मंजूर करणार होते. आजचा शेवटचा दिवस, वेळ पाच वाजेपर्यंत.

"ताई, सरांले नवा पासवर्ड कसा कळंन?" कॉम्प्युटरवर बसणाऱ्या दीक्षानं विचारलं.

"समोरासमोर सांगीन. फोनवर सांगाचा नाही, हा पयला नियम!"

दीड वाजता टेबलावरचा ताईंचा मोबाईल वाजला. नंबर अनोळखी, पडद्यावर नाव आलं, 'नत्थू डीजे धमाका'.

"सिंधूताई, मी भोयर बोलून राहिलो! माहा मोबाईल वरणाच्या गंजात पडला, पातेल्याच्या तळाशी गेला! अन् पासवर्ड लागून नाही राहिला! नवा असंन तर सांगा लवकर!"

ताई ताडकन उभ्या राहिल्या. अनोळखी नंबर, साहेबाचं नाव, मोबाईल बिघडल्याची थाप आणि वरून घाई! शिबिरात पडद्यावर दाखवलेला चोर हुबेहूब!

"दीक्षा, सापडला वं!" त्या कुजबुजल्या. शिबिरात शिकवल्याप्रमाणे त्यांनी दुसऱ्या फोनवरून सरांचा नेहमीचा नंबर लावला. बंद! "पाहिलं?"

"वरणात पडल्यावर चालू कसा राहीन, ताई?"

ताईंनी तिकडे लक्षच दिलं नाही. "भोयर सर आहा न? मंग जन्मतारीख सांगा."

"चौदा ऑगस्ट!"

"ते फेसबुकवर दिसते. डब्यात काय आणता?"

"भेंडी! रोज भेंडी!"

"ते अख्ख्या कॉलेजले माहीत आहे. तुमच्या लग्नाची तारीख?"

पलीकडे डीजे धडधडत होता. त्यातून पडेल आवाज आला, "मे महिना होता... बारा... नाही, सतरा असंन."

"ताई, सरच आहेत हे!" दीक्षा ओरडली. "चोर असता तर पाठ करून आला असता!"

"चूक सांगते तो चोर. अन् बरोबर सांगते तो तयारीचा चोर!"

शेवटी व्हिडिओ कॉल आला. डोक्याला फेटा, गालाला हळद, डोळ्यांत अंगार.

"आजकाल चेहराही बनवता येते," ताई म्हणाल्या. "तोंडासमोरून हात फिरवा! आता उजवीकडे वळा! डावीकडे! कान धरा!"

एकोणसाठ मुलांसाठी सरांनी तेही केलं. पण मागच्या वऱ्हाडाला वाटलं, मामा नाचाले लागले! एकच जल्लोष झाला, कोणीतरी सरांना खांद्यावर उचललं, डीजेवाल्या नत्थूनं आवाज वाढवला. पडद्यावर आभाळ दिसलं, एक चप्पल दिसली आणि कॉल तुटला.

"चोरी पकडली तर अख्खी टोळी नाचाले लागली!" ताई म्हणाल्या.

त्यानंतर मात्र फोन आला नाही. तीन वाजले. साडेतीन. ताई चारदा पाणी प्यायल्या. खरंच सर असतील तर? पोरांचं वर्ष गेलं तर? त्यांच्या आईबापांना काय तोंड दाखवायचं?

"तुम्हाले पासवर्ड माहीत आहे न," दीक्षा हळूच म्हणाली. "तुम्हीच मंजूर करून टाका."

"दुसऱ्याच्या लॉगिननं? नियमात बसत नाही," ताई म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

चार पंचविसाला खिडक्यांच्या काचा थरथरल्या. डीजेची गाडी फाटकात उभी! तिच्यातून भोयर सर उतरले. फेटा कानावर, सदऱ्यावर वरण.

"आता हात लावून पाहा! खरा आहो का नाही?"

"आहा, सर. फक्त ते ओळखपत्र..."

"सिंधूताई!"

ताईंनी बाकीचं वाक्य गिळलं, दार लावलं आणि सरांच्या कानात पासवर्ड सांगितला. हळदीखालून सर लाल झाले.

"हा पासवर्ड आहे?"

"मोठं वाक्य ठेवा म्हणे, सर. अन् लक्षात राहीन असं."

मग सरांनी स्वतःच्याच बोटानं, एकेक अक्षर शोधत टाइप केलं : सरमीटिंगमध्येघोरतात.

लॉगिन उघडलं. चार बावन्नला एकोणसाठावा फॉर्म मंजूर झाला. ताईंनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. डोळे उघडले, तर पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक पट्टी सरकत होती. फॉर्मची मुदत आठ दिवसांनी वाढवण्यात आली आहे.

"हे कधी झालं?" सरांनी विचारलं.

"सकाळीच," दीक्षा म्हणाली. "मेल आला होता. मी उडवून टाकला."

"उडवला? काहून वं?" ताई कडाडल्या. "मले विचारलं काहून नाही?"

"विचारलं होतं, ताई. तुम्हीच म्हटलं, तारीख संपण्याच्या आधीच मुदत वाढवून देते म्हणजे हा मेल सरकारी असूच शकत नाही!"