दुर्गाबाई पारड्यात

दुर्गाबाईंची डावी टाच ठणकत होती आणि सगळं जालना त्यांच्या पोटाकडे बघत होतं.

वैद्यबुवांनी ओसरीवरूनच निदान केलं, "मेद वाढला. भात बंद!" हकीमसाहेबांनी नाडी धरली खरी, पण नजर पोटावरच. "चर्बी है, बाई. घी बंद!" भात गेला, तूप गेलं, टाच मात्र इमानानं ठणकत राहिली. बाईंनी तिच्यावर हळदीचा लेप थापला, वर फडकं गुंडाळलं आणि कुणाला हात लावू दिला नाही. कारण गल्लीतल्या रामकिसनचा पाय असाच चिघळला होता आणि हैदराबादेत तो कापावा लागला होता. ती धास्ती त्यांनी फक्त भाचीला, शाळकरी उमाला, सांगितली.

"आत्या, चल डॉक्टरकडं. तिथं मी बोलते!" उमा म्हणाली.

डॉक्टर नरहरराव विलायती यंत्राशेजारी उभे होते. "आधी वजन. वजनाबिगर मी कुणालाच बघत न्हाई."

"पण साहेब, पाय..."

"पाय वजनाच्या खालीच असतो ना, बाई?"

"आत्याचं वजन न्हाई दुखत, साहेब," उमा म्हणाली, "टाच दुखती!"

डॉक्टरांनी यंत्राकडे बोट दाखवलं. बाई चढल्या. सुई सरसर शेवटच्या आकड्याला जाऊन टेकली आणि बाई उतरल्या तरी परत यायला तयार होईना. डॉक्टरांनी यंत्राला चापट मारली, मग लाथ मारली.

"बिघडवलं! आता चला समोर मोंढ्यात. कापसाचा तराजू हाय, बिलकुल बराबर. मी सोता बघतो."

मोंढ्यात, कापसाच्या बाजारात, कडूबा तोलारी गाठी तोलत होता. त्यानं बाईंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, ते मालाला न्याहाळतात तसं.

"बसा मावशी. पर बारदान काढा."

"काय काढू?"

"शाल काढा. पायाचं फडकं काढा. बारदान धरून तोलत न्हाई आमी. धंद्याचा कायदा हाय."

बाईंनी शाल उमाकडे दिली, कुरकुरत फडकं सोडलं, त्याबरोबर वाळलेला लेपही निघाला, आणि पारड्यात बसून पाय पुढे सोडले. हमाल, गाडीवान, दलाल, सगळे गोळा झाले. दुसऱ्या पारड्यात पहिलं वजन पडलं. तोलारी कधी 'एक' म्हणत नाही, त्याजागी शुभ शब्द म्हणतो.

"लाभ!" कडूबा ओरडला.

गर्दी खिदळली. बाईंनी डोळे गच्च मिटले.

"कापूस तोलताना हसता का कधी?" उमा कडाडली.

वजनं पडत गेली, बाईंचं पारडं हळूहळू वर आलं. सवयीनं कडूबानं विचारलं, "ओलीचा कडता सोडू का, मावशी? वजनातनं वजा करतो."

"सोड रे बाबा! जेवढा सुटंल तेवढा सोड!"

डॉक्टर दांडीचा काटा नीट बघायला पुढे वाकले, तोच पारडं झोका घेऊन आणखी वर आलं आणि बाईंची टाच त्यांच्या नाकासमोर येऊन थांबली. लालबुंद, सुजलेली. मधोमध काहीतरी हिरवं चमकत होतं.

"हे काय?"

"हीच ती! हिच्यासाठीच तर आल्ते मी!"

डॉक्टरांनी खिशातून चिमटा काढला. "हलवू नका रे तराजू!" एक झटका, बाईंची एक किंकाळी, आणि चिमट्यात बांगडीची काच! संक्रांतीला फुटलेल्या बांगडीचा हाच तुकडा बाई सगळ्या घरात शोधत होत्या.

बाईंनी डोळे उघडले. टाच हलवली. पुन्हा हलवली.

"साहेब... पाय कापावा लागंल का?"

"कापायचा कशाला? पंचमीला फुगडी घाला." डॉक्टर ओशाळून काच पारड्यात ठेवून रुमालानं चिमटा पुसू लागले.

बाई पारड्यातच रडल्या, मग इतक्या हसल्या की तराजूची साखळी करकरली. कडूबानं दोन्ही हातांनी दांडी धरली.

डॉक्टरांनी घसा साफ केला. "तरीपण बाई, वजन थोडं कमी करायलाच..."

दुर्गाबाईंनी ती हिरवी काच उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"घ्या साहेब. केलं कमी! उमे, चल जल्दी. भात टाकायचाय. अन् तूप कुठं लपवलंस, ते वाटंनं सांग."