चिंचोके, काठी आणि अस्वल वैद्य

बाळांनो, मी शाळा लवकर सोडली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही साधेच येतील. तेवढं सांभाळून घ्या.

तर एका जंगलात सिंहमहाराजांच्या नव्या गुहेसाठी डोंगर फोडणं चाललं होतं. धूळ उडे. प्राणी खोकत.

धोंडू मुंगसाची म्हातारी आई तर खोकून खोकून अर्धी झाली. शेवटी त्यानं तिला पाठीवर घेतलं आणि अस्वल वैद्याच्या बेहड्याच्या झाडाखाली नेऊन ठेवलं. वैद्याच्या काढ्यावर तिचा जीव तगला.

मग दूरच्या वनात शिकून घुबडपंडित आले. म्हणाले, "कुणाचं घर कुठे आणि कोण किती खोकतो, यावरून दुखण्याचं मूळ सापडतं. दाखवतो."

धोंडूनं प्रत्येक घरापासून वैद्यापर्यंतची पावलं मोजली, खोकले मोजले. पंडितांनी वाळूत प्रत्येक प्राण्यामागे एक चिंचोका मांडला. वैद्याच्या जवळचे डावीकडे, लांबचे उजवीकडे. जास्त खोकणारे वर, कमी खोकणारे खाली. चिंचोक्यांमधून एक काठी तिरपी ठेवली. जे चिंचोके काठीपासून फारच लांब पडले, ते फुंकरीनं उडवले.

"बघ! वैद्य जितका जवळ, तितका खोकला जास्त."

"पंडितजी, ते आजारी म्हणून तिथं राहायला गेलेत. आईला तर मीच नेलं."

"गणितात आईचा रकाना नसतो, धोंडू."

"मग धुळीचा?"

पंडितांनी डोंगराकडे तोंड केलं आणि डोळे मिटले. "दिवसा मला नीट दिसत नाही रे. आणि हा नुसता नमुना आहे. काठी कशी ठेवायची, एवढंच दाखवायचं होतं."

तेवढ्यात महाराज आले. काठी पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"म्हणजे खोकला वैद्यामुळे! आम्ही उगाच धुळीला घाबरत होतो. काढा त्याला नदीपार!"

धोंडूनं आशेनं पंडितांकडे पाहिलं. 'नमुना' हा शब्द त्यांच्या चोचीपर्यंत आला. पण महाराजांनी त्यांच्या गळ्यात हार घातला, तसा तो परत पोटात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैद्यापाठोपाठ धोंडू आईला पाठीवर घेऊन नदीत उतरला. मागोमाग खोकणारे सगळेच उतरले. काठावर सामसूम झाली.

फांदीवरून पंडित ओरडले, "पाहिलंत महाराज? वैद्य गेला, खोकला गेला!"

"काय म्हणतोय रे तो?" आईनं खोकत विचारलं.

"काही नाही आई. घट्ट धर."

तात्पर्य : निरोगी राहायचं असेल तर वैद्याशेजारी घर करू नये. धूळ मात्र खुशाल खावी. तिला रकाना नसतो.