शेख गुरुजींचं पहिलं वाक्य

शेख गुरुजींच्या दारात उभं राहून कुणी "घरात कोणी आहे का?" अशी हाक मारली, की आतून खुद्द गुरुजींचाच खणखणीत आवाज येतो, "कोणी न्हाय."

हाक मारणारा गडबडतो. थांबावं की फिरावं हे त्याचं ठरेपर्यंत दार उघडतं आणि लुंगी-बनियनमधले गुरुजी, चष्मा कपाळावर चढवून, उंबऱ्यात उभे राहतात. "वाक्य बदला," ते म्हणतात. "ज्या सवालाला न्हाय म्हनता येतंय, तसला सवाल पहिल्यांदा इचारायचाच न्हाय. हं, परत म्हना."

हा मान सगळ्यांना मिळत नाही. दूधवाला, मीटरवाला, मी, आम्ही सरळ आत जातो. दारोदार फिरून लोकांचा उद्धार करणाऱ्यांसाठी तो राखून ठेवलेला आहे. आमचं गाव मुरूमला जाणाऱ्या रस्त्यावर, बसमधून उतरलं की पहिली गल्ली आमची आणि गल्लीतलं पहिलं घर गुरुजींचं, त्याला लागून माझं. त्यामुळे कुठल्याही धर्माचा माणूस आला तरी त्याची चाचणी परीक्षा तिथंच होते.

गुरुजींचा अधिकारही मोठा. झेडपीच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर मराठी शिकवलं; मलाही शिकवलं, त्याचा त्यांना अजून पश्चात्ताप होतो. शिवाय सरकारनं मास्तरांना जेवढे उंबरे झिजवायला लावले, तेवढे सगळे त्यांनी झिजवले. जनगणना, मतदार यादी, पोलिओचा डोस. "शौचालय हाय का, असं अनोळखी बाईला इचारून म्या तिच्याच घरी चहा पिऊन आलोय," हे ते इतरांनी पदकं दाखवावीत तसं सांगतात. असल्या माणसापुढं 'मनाला शांती आहे का' म्हणणाऱ्याचं काय चालणार?

धर्माशी त्यांचं भांडण नाही. शुक्रवारची नमाज चुकवत नाहीत. "अल्लाचा आन् माझा पत्रव्यवहार चालू हाय," म्हणतात, "मधी पोस्टमन नगं."

दारावर पूर्वी नावाची पाटी होती. येणारे ती वाचून नमस्कार ठरवतात हे लक्षात आल्यावर गुरुजींनी ती काढली. "पाटी वाचून सलाम करनं म्हंजे कॉपी." आता येणारा माणूस चौकटीवर तोरण शोधतो, आत एखादी तसबीर दिसते का बघतो, दिसतं फक्त खताच्या दुकानाचं कॅलेंडर. एका पोरसवदा प्रचारकानं घाबरून एका दमात "नमस्कार, सलाम, जय भीम" म्हणून टाकलं. गुरुजींनी त्याला दहापैकी चार दिले. तो आजवरचा उच्चांक आहे.

बाकीच्यांची गत वाईट. पांढऱ्या साड्यांतल्या दोन ताई आल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "बाबा, जीवनात शांती आहे का?" गुरुजी म्हणाले, "शांती बेंबळीला दिली. तिकडं इचारा." पिशवीत पत्रकं घेऊन आलेल्या जोडप्यानं विचारलं, "जगात एवढं दुःख का आहे, याचा कधी विचार केलात?" गुरुजींनी त्यांना दुःख, क्लेश आणि यातना यांतला फरक वीस मिनिटं समजावला. परगावाहून आलेले तबलिगी जमातवाले आपल्याच माणसाकडे म्हणून हक्कानं आले. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "चाचा, एक दिन सबको जाना है."

"जाऊ की," गुरुजी म्हणाले. "पर पहिल्याच वाक्यात मयत काढता व्हय? आधी बसा तरी."

एके दिवशी मात्र त्यांना दया आली. मार्चमधलं ऊन होतं, त्याच दोन ताई पुन्हा आल्या होत्या. गुरुजींनी त्यांना पाणी दिलं आणि आपली आयुष्यभराची विद्या देऊन टाकली. "पोरींनो, आमच्या गावात पहिलं वाक्य एकच. 'नळ आला का?' आठ दिवसांनी येतोय नळ. हिंदू असू, मुसलमान असू, बौद्ध असू, नळ म्हनलं की मानूस न्हाय म्हनून थांबत न्हाय, अर्धा तास बोलतंय. त्याचं बोलून झालं की मंग तुमचा देव काढा."

खुशीत असल्यामुळे त्यांनी हेच वाक्य पत्रकवाल्या जोडप्याला दिलं. जमातवाल्यांनाही दिलं. सगळ्यांनी ते मनापासून वापरलं.

त्या आठवड्यात गावात जो गोंधळ झाला तो मी डोळ्यांनी पाहिला. ताईंनी माळ्यांच्या आळीत "नळ आला का?" विचारलं आणि बायकांनी ओळखलं, ह्या पाणीपुरवठ्याच्या बाया. बघता बघता घागरी घेऊन पंधरा जणी जमल्या. "आमच्या कोपऱ्याला थेंब येत न्हाय, लिवून घ्या." ताईंनी पुस्तिका पुढं केली तर त्यांनी तिच्या मागच्या कोऱ्या पानावर तक्रार लिहून खाली अंगठे उठवले. पत्रकवाल्या गृहस्थाला दोघांनी हाताला धरून व्हॉल्व्ह दाखवायला नेलं. तो बिचारा चिखलात उतरून परत आला. जमातवाल्यांना सरपंचाच्या चुलत्यानं दम दिला, की पंचायतीच्या कामात बाहेरच्यांनी पडू नये.

गुरुजी हे ऐकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "वाक्य चाललं की न्हाय पर?" एवढंच म्हणाले.

वाक्य चाललं, पण माणसं यायची थांबली. बसमधून उतरून ते लोक आता गुरुजींचं घर टाळून मागच्या बोळातून जाऊ लागले. ताईंचा गुरुवार गेला, पत्रकवाल्यांचा रविवार गेला. गुरुजी दार उघडं टाकून खुर्चीत बसलेले दिसायचे. बस आली की चष्मा डोळ्यांवर घ्यायचे, बस गेली की परत कपाळावर.

मी चेष्टेनं म्हणालो, "गुरुजी, परीक्षार्थीच उरले नाहीत. आता केंद्र बंद करा."

ते हसले नाहीत. "किती जनांनी इचारलं रे मला, सुखी हाव का म्हनून," ते म्हणाले. "जवाब ऐकायला एक थांबला न्हाय. म्हनून म्या त्यांच्या वाक्यांच्या चुका काढत बसायचो. तेवढंच जरा थांबायचे."

मला लाज वाटली. गुरुजींच्या बायकोला, खैरूनचाचीला, जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. ती असताना दारात कुणी हाक मारली की आतून चाचीच ओरडायची, "कोन हाय गं? ये की आत." चाळिसाव्या दिवसापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. मग माणसं पांगली; शांती बेंबळीला गेली, शांतता मात्र सगळी गुरुजींच्या घरात राहिली. शांती ही गुरुजींची मुलगी नव्हेच, ती गल्लीतल्या काशिनाथची, बेंबळीला दिलेली. गुरुजींची शबाना गुलबर्ग्याला असते आणि रविवारी फोन करते. ही सगळी माहिती मला होती. 'कोणी न्हाय' हे उत्तरही रोज भिंतीपलीकडून ऐकत होतो. ते थट्टेचं वाक्य नाही, हे मात्र भिंतीला भिंत असून कळलं नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास, आमची कडी वाजली. मी दार उघडलं. गुरुजी. चक्क सदरा घालून, हातात रिकामी कळशी. आमच्याकडे एरवी कडी न वाजवता सरळ आत येणारा माणूस आज पायरीच्या खालीच थांबला होता. घसा खाकरून म्हणाले,

"नळ आला का?"

आमचा आणि त्यांचा नळ एकाच लाइनीवर. त्या दिवशी पहाटेच आला होता. मी काही बोलायच्या आत माझी बायको सुनंदा स्वयंपाकघरातून ओरडली, "पहाटंच आला की, गुरुजी. तुमचा ब्यारल भरून रस्त्यावर वाहत हुता."

गुरुजी कळशीकडे बघत राहिले. मला त्यांच्या अंगणापुढचा ओला रस्ता इथून दिसत होता.

सुनंदा पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं कोरडी कळशी पाहिली, सदरा पाहिला. ती गुरुजींच्या शाळेत कधीच नव्हती, त्यामुळे पहिल्यांदा कुठला सवाल विचारायचा नसतो हे तिला माहीत नव्हतं. तिनं सरळ विचारलं, "गुरुजी, एकट्याला करमतं का वो?"

"न्हाय," गुरुजी म्हणाले.

त्यांनी तिचं वाक्य बदललं नाही. सुनंदानं त्यांच्या हातातली कळशी घेतली, त्यांना आत बसवलं, गॅस बारीक करून आली आणि त्यांच्यासमोर पाट ओढून बसली.