निर्वेध मार्ग, तिसरा मजला

"बाबा, तुमची गल्ली पहिली आली," नम्रताने फोनवर सांगितलं.

"कशात?" रंगनाथराव सायकल चालवता चालवता म्हणाले.

"अहो, आमच्या ऑफिसच्या नव्या टूलमध्ये. पुणे परिसरातला कुठलाही सायकलमार्ग शोधा, वाटेत अडथळे किती ते दाखवतं. तुमच्या गल्लीत शून्य. साहेब रविवारी स्वतः सायकल घेऊन येतायत. त्यांना अहवालात एक तरी निर्वेध मार्ग दाखवायचाय. हा पसंत पडला तर माझी नोकरी कायम."

रंगनाथरावांचे पाय थांबले. सायकलही थांबली, पण ती तशीही कुठे जात नव्हती. ती व्यायामाची सायकल होती आणि कसबा पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभी होती.

एकेकाळी रंगनाथराव दर रविवारी सायकलने खडकवासल्याला जात आणि आठवडाभर ते लोकांना सांगत. मग एका चौकात रिक्षा अंगावर आली. हाड एकही मोडलं नाही, धीर मात्र मोडला. गॅलरीत ही सायकल आली. बाणेरला राहणाऱ्या मुलीला हे सांगायची त्यांना लाज वाटली. "आज धरणावर काय वारा होता," असं ते फोनवर सांगत. वारा टेबलफॅनचा असे.

अशात नम्रताने पॅडलला लावायचं बटणाएवढं यंत्र पाठवलं. "रोज सायकल चालवताना फोन चालू ठेवा. अडथळा आला की लाल बटण दाबा." रंगनाथरावांनी ते अक्षरशः पाळलं. अडथळा आला असता तर त्यांनी नक्की दाबलं असतं. यंत्राने वेग कळवला, फोनने जागा कळवली आणि टूलने सगळा प्रवास उदार मनाने खालच्या गल्लीत टाकून दिला.

आता खरं सांगावं तर मुलीपुढे मान खाली जाणार, आणि न सांगावं तर मुलीची नोकरी. रंगनाथरावांनी मधला मार्ग काढला. गल्लीच मोकळी करायची. ते खाली उतरले.

"दशरथ, रविवारी तुझा टेम्पो जरा हलवशील?"

तांब्याच्या हंड्यावर ठोके घालणाऱ्या दशरथने मान वर केली. "कशाला?"

"इथून सायकलमार्ग जातो."

दशरथने गल्लीभर नजर फिरवली. "जातो तर जाऊ दे की, काका. माझा टेम्पो काय धरून ठेवतोय त्याला?"

स्कूटरवाल्यांकडे जावं तर ते म्हणाले, "आधी टेम्पो हलवा."

घरी आनंदीबाईंनी गॅलरीतल्या सायकलवर ओली साडी वाळत घातली होती. यावरून रोज वाद होई, पण आज रंगनाथरावांना वादाचंही त्राण नव्हतं.

रविवारी साहेब आले. डोक्यावर कोरं हेल्मेट, मागे फोटोग्राफर, बाजूला नम्रता. गल्लीत शिरताच त्यांची सायकल टेम्पो आणि एका स्कूटरच्या मध्ये अडकली. पुढे जाईना, मागेही येईना. दशरथने सोडवायला मदत केली आणि कुठे जायचंय म्हणून विचारलं.

"नम्रता," साहेब घाम पुसत म्हणाले, "हा तुमचा शून्य अडथळ्यांचा मार्ग?"

नम्रता फोनमध्ये बघत राहिली. रंगनाथरावांनी वरून तिचा चेहरा पाहिला. शाळेत नापास झाल्यावरही तिने असा केला नव्हता. त्यांना राहवलं नाही. ते गॅलरीतून वाकले.

"नम्रता, साहेबांना वर घेऊन ये. मार्ग इथे आहे."

दार आनंदीबाईंनी उघडलं. "सायकलमार्ग ना? आत आहे. चपला बाहेर काढा."

रंगनाथरावांनी मग सगळं सांगितलं. रिक्षा, धीर, टेबलफॅन. सांगताना त्यांनी मुलीकडे पाहिलं नाही.

"मला म्हणाला असतात तर," नम्रता हळूच म्हणाली. "मी तरी कुठे चालवते? कॅबने जाते रोज. भीती वाटते."

साहेब मात्र सायकलकडे बघत होते. ते बसले. आनंदीबाईंनी पंखा लावला, पोहे पुढे केले. साहेबांनी आधी संशयाने आणि मग मनापासून पॅडल मारायला सुरुवात केली. फोटोग्राफरने पंचाईत ओळखून फक्त चेहऱ्याचे फोटो काढले.

"सिग्नल नाही, हॉर्न नाही, मागून कोणी येत नाही," साहेब उतरता उतरता म्हणाले. "टूल चुकलेलं नाही. मार्ग निर्वेध आहे. अहवालात राहू दे. मजला लिहू नका. आणि तुमचं कायमचं पत्र मी उद्याच काढतो. फक्त अहवाल जाईपर्यंत इथे एकही अडथळा दिसता कामा नये."

ते गेल्यावर नम्रता आईकडे वळली. "आई, तोवर सायकलवर साडी टाकू नकोस हं."

"वा. मग वाळत घालू कुठे?"

इतक्या दिवसांचा वाद रंगनाथराव आज एका टूलच्या जोरावर जिंकले होते. ते सायकलवर बसले, फोन चालू केला आणि म्हणाले, "खाली गल्लीत घाल. तिथून सायकल जात नाही."