शेवटून पहिले पिंगळेकाका

झाशीतल्या आमच्या प्रेम नगरातले पिंगळेकाका कुठेही पहिले जात नाहीत. दुसरेही जात नाहीत. ते शेवटी जातात. लग्नाच्या पंगतीत शेवटचं पान त्यांचं, आरतीनंतर प्रसादाला सगळ्यांच्या मागे तेच. एकदा गॅसच्या रांगेत "आप चलिए भैया, आप चलिए" करत त्यांनी मागून येणाऱ्या प्रत्येकाला पुढे सोडलं, आणि त्यांचा नंबर लागेपर्यंत दुकानाचं शटर खाली आलं. काकूंनी आठवडाभर त्यांना फैलावर घेतलं. काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "अगं, कुणीतरी शेवटी उभं राहायला नको? नाहीतर गाडी पूर्ण आहे हे कळणार कसं?"

काका रेल्वेत गार्ड होते. सगळी नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गेली. त्या डब्याच्या पाठीवर पाटी असते. ती दिसली की स्टेशनवाल्याला कळतं, मधले डबे वाटेत कुठे सुटले नाहीत, गाडी पूर्ण आली. काकांना ती पाटी म्हणजे आपल्याच अंगाचा भाग वाटायची. हल्ली गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण ते त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नाही. "मॅनेजर हॉटेलात असतो जी. मी गार्ड."

निवृत्तीनंतर त्यांना स्थिर पलंगावर झोप येईना. मग जवळच्या बबीनातल्या एका व्यापाऱ्याकडून त्यांनी जुनी मिनीबस उचलली. शाळेची पोरं वाहून वाहून ती खिळखिळी झाली होती. आत दोन पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली, मागे पेंटरकडून पिवळी पाटी करून टांगली. काकूंनी एकदा आत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "घरात स्वयंपाक करते तेवढा पुरे. चालत्या गाडीत मी करायची नाही." मेतकूट-भात आणि लाडवांचा डबा गाडीत ठेवून त्या मोकळ्या झाल्या.

ही घरगाडी घेऊन काका दरवर्षी मे महिन्यात कुमाऊंच्या डोंगरात एका तळ्याकाठी जातात. तिथे अशा गाड्या उभ्या करून राहायचं मैदान आहे. विजेची जोडणी मिळते, पाण्याचा नळ मिळतो, मासे धरायला भाड्याने गळ मिळतो. आता पिंगळ्यांच्या घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही! तरी हा गृहस्थ जाण्याआधी गावातल्या तळ्यावर, लक्ष्मी तालावर, गळ फेकायचा सराव करतो. गेल्या वर्षी गळ कुणाच्या तरी वाळत घातलेल्या धोतरात अडकला आणि धोतर पाण्यात गेलं. धोतराचा मालक काठावरून ओरडत होता, आणि काका शांतपणे दोरी गुंडाळत त्याला सांगत होते, "घाबराइए मत, आ रहा है."

गाडी त्यांची, डिझेल त्यांचं. पण गार्ड गाडी चालवत नाही, हा त्यांचा धर्म. त्यामुळे दरवर्षी ड्रायव्हर म्हणून कुणीतरी बकरा लागतो. यंदा तो मी होतो. बँकेतून रजा काढली, थंड हवा खायची म्हणून हुरळून गेलो, आणि झाशीची हद्द ओलांडायच्या आत पस्तावलो. काका मागच्या काचेशी, रस्त्याकडे तोंड करून, उलटे बसलेले. चहाला थांबलो की त्यांनी मागून हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय निघायचं नाही. एका ढाब्यावर मी झेंडी न बघता गाडी काढली, तर पुढच्या गावापर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

मैदानावर पोचलो तर मॅनेजरने देवदाराखालची झकास जागा दाखवली. काका म्हणाले, "नहीं. आखरी वाली." आखरी वाली म्हणजे संडासाच्या शेजारची, उतारावरची. मी हात जोडले. म्हटलं, काका, निदान डोंगरात तरी शेवटी नको! पण ऐकतील तर ते पिंगळे कसले? चाकांना दगड लावले आणि उतारावर मुक्काम ठोकला.

दिवसभर ते तळ्याकाठी गळ टाकून बसले. मासा लागला की हळूच सोडवायचे आणि "जा बाबा, लाइन क्लिअर आहे" म्हणून पाण्यात सोडायचे. त्यांची नजर मात्र गळावर नव्हती. ती पलीकडच्या काठावर होती. दिवेलागणीला त्यांनी पेटीतून हिरवा हातदिवा काढला आणि तळ्याकडे तोंड करून सावकाश हलवला. मग वाट पाहिली. पुन्हा हलवला.

"कुणाला दाखवताय?" मी विचारलं.

"ड्रायव्हरला."

त्या रात्री जेवण राहिलं बाजूला, मला सगळी हकीकत कळली. कुंदनसिंग हा त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर. एकाच गाडीवर दोघांची उमर गेली, पण एक इंजिनात आणि एक शेपटाला, मध्ये डब्यांची ही एवढी लांबलचक रांग. बोलणं व्हायचं ते दिव्यानं. इकडून हिरवा, तिकडून हिरवा, सगळं ठीक. निवृत्तीनंतर कुंदनसिंग आपल्या गावी आला, या तळ्यापलीकडे. मग त्याला अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली.

"पहिल्या वर्षी मी घरी गेलो त्याच्या," काका म्हणाले. "मला बघून रडला. तोंडातून लाळ येत होती, ती मला दिसू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून पडला. सिंहासारखा माणूस रे! मग मी ठरवलं, जवळ जायचंच नाही. जवळून तो पेशंट आहे. लांबून तो ड्रायव्हर आहे."

तेव्हापासून काका दरवर्षी इथून दिवा दाखवतात आणि पलीकडच्या खिडकीतून डाव्या हातानं कुंदनसिंग उत्तर देतो. आखरी वाली जागा त्यासाठीच. ती खिडकी फक्त तिथूनच दिसते.

त्या संध्याकाळी उत्तर आलं नव्हतं. दुसऱ्या संध्याकाळीही आलं नाही. काका दिवा धरून उभेच. मॅनेजर गंमत बघायला आला होता, तो त्यांचा चेहरा बघून गुपचूप परत गेला. फोन करू या, मी म्हटलं. काकांनी मान हलवली. फोनवर कुंदनसिंगची सून काय सांगेल, याची त्यांना भीती वाटत होती. मलाही वाटत होती.

सकाळी उठून पाहतो तो काका बूट घालून तयार. "गाडी विनाकारण थांबली आणि पुढून काही कळेना, तर गार्डनं चालत इंजिनापर्यंत जायचं असतं," ते म्हणाले. "चल."

आणि ते निघाले. तळ्याला वळसा घालणाऱ्या पायवाटेवर पिंगळेकाका पुढे, मी मागे. प्रेम नगरात कुणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही. हातात दिवा, धाप लागलेली, पण एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

कुंदनसिंगच्या घरासमोर नवीन हॉटेल उभं राहत होतं. परांची बांधून रंगारी भिंत रंगवत होते, आणि ती भिंत बरोब्बर त्या खिडकीसमोर. काकांनी अडखळत विचारलं, "यहाँ एक बुज़ुर्ग रहते थे..."

"रहते हैं ना!" वरून एक रंगारी हसत म्हणाला. "बड़े भले हैं. रोज़ शाम को हमारा काम देखके हरी बत्ती दिखाते हैं."

काका मटकन पायरीवर बसले. दोन दिवस कुंदनसिंग भिंतीला दिवा दाखवत होता! मला हसू आलं.

आत गेलो. कुंदनसिंग खिडकीशी, मांडीवर दिवा. काकांना पाहताच त्यानं भिंतीकडे तोंड वळवलं. काका पुढे गेले नाहीत. दारातच उभं राहून त्यांनी भर उजेडात हिरवा दिवा पेटवला आणि हलवला. बऱ्याच वेळानं म्हाताऱ्याचं तोंड इकडे फिरलं. डोळे वाहत होते, लाळही गळत होती, पण डावा हात वर आला. हिरवा.

काकांनी पुढे होऊन आपल्या उपरण्यानं त्याचं तोंड पुसलं. "ऑल राइट, कुंदन," ते म्हणाले.

दुपारी मी घरगाडी तळ्याला वळसा घालून आणली. कुंदनसिंगच्या सुनेनं अंगणात ऐसपैस जागा करून दिली होती, पण काका कुठले ऐकायला! त्यांनी मला गाडी गोठ्यापलीकडे, अगदी शेवटी उभी करायला लावली. मग सासऱ्याला सुनेनं ओसरीवर खुर्चीत आणून बसवलं. काका गाडीच्या मागे गेले, पाटी सरळ केली, आणि ओसरीकडे बघून मोठ्यानं ओरडले, "गाडी पूर्ण!"