पत्रा का स्लॅब?

आमच्या शेजारचे अण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी मान वर करून छत बघतात आणि विचारतात, "पत्रा का स्लॅब?" अहो, दिसतंय ना डोळ्यांना! पण नाही, तोंडानं सांगावं लागतं. मग खिशातून टेप निघतो. तुमच्या बैठकीच्या खोलीची लांबी-रुंदी झाली की मगच पाण्याचा पेला तोंडाला.

जन्मभर नवी पेठेतल्या दुकानात कापड मोजलं, आता निवृत्तीत घरं मोजतात. घरपट्टी कशी बसते हे अख्ख्या सोलापुरात आपल्यालाच कळलंय, अशी त्यांची खात्री. घर भाड्यानं दिलं असतं तर वर्षाला काय आलं असतं ते धरायचं, त्यातून दुरुस्तीसाठी दहावा हिस्सा वजा करायचा, उरलं त्यावर पट्टी. मी एकदा म्हटलं, आमच्या घरात आम्हीच राहतो, भाडं कुठलं आलंय? तर म्हणे, "धरायचं असतंय, ताई." मालक स्वतः राहिला तर सवलत, भाडेकरू ठेवला की दर जास्त, हे ते बारशालासुद्धा ऐकवतात.

माणसंही याच मापानं तोलतात. माझ्या भाचीला बघून पाहुणे गेल्यावर अण्णांनी निकाल दिला, "पोरगा स्लॅबचा हाय. बाप निव्वळ पत्रा." बाप तसाच निघाला, पण ते मी अण्णांना सांगितलेलं नाही.

मागच्या मोजणीच्या वेळी मी बाल्कनीला काचा लावून घेतल्या होत्या. पालिकेचा माणूस बिचारा ती बाल्कनीच धरून चालला होता. तेवढ्यात अण्णा मागून म्हणाले, "झाकली की खोली होती, साहेब." माझी पट्टी वाढली. मी कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंच नाही, रोज चहाला यायचे.

यंदा परत मोजणी आली. सकाळी बातमी फुटली आणि दुपारपर्यंत गल्लीत एक भाडेकरू उरला नाही. कुणी भाचा झाला, कुणी मेहुणा. कोपऱ्यावरच्या आजींनी तर त्यांच्या तेलुगू भाडेकरूला आतेभाऊ करून टाकलं. त्या दोघांना एकमेकांची भाषासुद्धा धड येत नाही.

मी मात्र अण्णांच्या दारात जाऊन उभी राहिले. त्यांचं घर दुसरं कुणीतरी मोजतंय, हे मला डोळे भरून बघायचं होतं.

अण्णांच्या वरच्या मजल्यावर एक जोडपं आणि त्यांची छोटी मुलगी राहायची. ते होते तोवर अण्णांनी माझे कान किटवले. पोरगी डोक्यावर तीनचाकी सायकल फिरवते, दुपारचा डोळा लागत नाही, वर यांच्यापायी पट्टी जास्त. दिवाळीनंतर ते मोडनिंबला गेले आणि वर कुलूप लागलं. अण्णांच्या घरच्या काकू वारून बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. म्हणजे आता सगळं घर अण्णांचं एकट्याचं, आणि सवलतही पूर्ण.

मोजणीवाल्यानं विचारलं, वर कोण असतं?

"भाडेकरू," अण्णा म्हणाले. "बाहेर गेल्यात."

मला वाटलं, वयामुळं विसरले असतील. बाजूला घेऊन सांगितलं, अहो अण्णा, ते सोडून गेले, तुमची पट्टी उतरेल. सगळी गल्ली असलेला भाडेकरू लपवतेय आणि तुम्ही नसलेला दाखवताय?

अण्णा टेप बाहेर ओढत होते, परत आत सोडत होते. मग हळूच म्हणाले, "तसं लिवलं की वर कुणी न्हाय हे पक्कं होतंय की, ताई. मग दुपारी मी काय ऐकत पडू?"

मला रडूच आलं. आणि रडू आलं की मला राग येतो. सगळ्या जगाला नियम सांगणारा हा माणूस, आणि स्वतःच्या घरी असला हिशेब!

मोजणीवाला जिन्याकडे बघत होता. वरचं कुलूप खालून दिसत होतं. त्यानं मला विचारलं, "बाई, तुम्ही शेजारच्या ना? राहतं का वर कुणी?"

माझ्या बाल्कनीच्या काचा मला आठवल्या. चांगल्याच आठवल्या.

"राहतात की," मी म्हटलं. "पोरगी दिवसभर सायकल फिरवते. आमच्याकडंही आवाज येतो."

त्यानं भाडेकरूचा दर लावला आणि पुढच्या घराकडे गेला. अण्णांनी मान वर करून छताकडे बघितलं.

"लई तरास देती पोरगी," ते म्हणाले.