जनूकाकांचा हॉर्न

भंगारातल्या गाडीचा पार्ट घ्यायचा असला, की आमचे शेजारी जनूकाका स्थळ बघायला आल्यासारखी चौकशी करतात. गाडी कुणाची, चालवायचं कोण, आणि शेवटी कमरेवर हात ठेवून, "मेली कशी?" अपघातातल्या गाडीचा साधा स्क्रूही त्यांना चालत नाही.

या खेपेला त्यांचा हॉर्न रुसला होता. स्टेअरिंगच्या आत हॉर्नची तार गुंडाळलेली एक पट्टी असते, ती तुटत आली होती. त्यामुळे स्टेअरिंग डावीकडे वळवलं तरच हॉर्न वाजे. म्हणजे कुणी आडवं आलं, की काका आधी गाडी डावीकडे घालत आणि मग हॉर्न मारत. पनवेलच्या भाजी मार्केटातले डाव्या बाजूचे लोक त्यांना लांबूनच ओळखायला लागले होते.

पुढे तेवढाही आवाज बंद झाला. त्या मॉडेलची नवी पट्टी कुठे मिळेना. एरवी काकांची शिरढोणची, म्हणजे त्यांच्या गावची, रविवारची फेरी चुकत नाही. आता लागोपाठ तीन चुकल्या.

"हॉर्नशिवाय जा की," मी म्हटलं.

"तसा जाऊन काय करू?" तार मीच कुरतडल्यासारखे ते माझ्यावर खेकसले.

शनिवारी त्यांनी मला धरून हनीफभाईंच्या भंगारात नेलं. पहिली गाडी पेणजवळ उलटलेली. "नाय." दुसरीला समोरून ट्रक लागलेला. "नाय नाय, हिचा हॉर्न येळेवर वाजलाच नसंल." तिसरी एका शाळेतल्या बाईंची, म्हातारी होऊन दारातच बसलेली.

"बाई हॉर्न मारायच्या?"

हनीफभाईंनी कपाळाला हात लावला. "काका, पार्ट न्यायचाय का निकाह लावायचाय? बाई एकदम शरीफ. कधीच नाही मारला."

"मंग पट्टी कोरी हाय. काढा."

रविवारी सकाळी मेकॅनिकने ती बसवली आणि काकांनी आनंदाने सगळी सोसायटी जागी केली. मग मला पुढे बसवून थेट शिरढोण. गावात एका घरासमोर गाडी हळू करून त्यांनी दोनदा हॉर्न मारला.

"भाऊ ऱ्हातो," ते पुढे बघत म्हणाले. "बांधावरून भांडलो, अकरा वर्सं बोलत नाय. मी दोनदा वाजवतो, तो दारातल्या वटीवरून हात वर करतो. जिता हाय, कळलं, की मी जातो."

आज हात वर झाला नाही. काकांनी पुन्हा वाजवला. मग पुन्हा. इतका घाबरलेला माणूस मी फार दिवसांत पाहिला नव्हता.

तेवढ्यात दार उघडलं आणि काठी टेकत एक म्हातारा तरातरा गाडीपाशी आला.

"तीन आयतवार! मी म्हटला, मेला का काय हा!"

"हॉर्न बिघडलेला," काका पुटपुटले.

"मंग हाक मारायला तोंड नव्हता?"

चौकशीबहाद्दर काका स्टेअरिंगवरची धूळ पुसायला लागले. म्हाताऱ्याने माझ्या बाजूचं दार उघडलं. "तुमी मागं बसा," तो म्हणाला.

मी उतरून मागे गेलो. ते दोघं सरळ समोर बघत बसले होते, आणि डोळे मात्र माझे भरून आले होते.